भाजीचा पगार

फुजैरा,
११ फेब्रुवारी २०२५

वहिनी,

नमस्कार. चहा घेऊन बसा, पत्र लांबणार आहे. फोनवर तुम्हाला हल्ली ऐकू येत नाही, आणि मी ओरडून बोललो तर शेजारच्या खोलीतल्या लोकांना सगळं कळतं, म्हणून हे ईमेल. शिवाय काही गोष्टी ओरडून सांगण्यासारख्या नसतात.

आमच्या टर्मिनलची मालकी बदलली. तेलाच्या टाक्या त्याच, जहाजं तीच, पण त्या टाक्यांवर नजर ठेवणारी कंट्रोल रूम आता निम्म्या माणसांत चालवायची आहे. मॅनेजर इथलाच, भला माणूस. मला केबिनमध्ये बसवून घेतलं, खजुराची बशी पुढे केली, स्वतःच्या हातानं कॉफी ओतली. खजूर पुढे आले तेव्हाच मी काय ते समजलो. "मिस्टर विजय, यू आर लाइक माय ब्रदर," म्हणाला. साहेब आपल्याला भाऊ म्हणायला लागला की खलास समजावं. मार्चअखेर माझं काम संपतंय.

तसं रडण्यासारखं काही नाही. या देशानं आम्हाला अठ्ठावीस वर्षं पोसलं. ईशानी शिकली, अबू धाबीत नोकरीला लागली, खलिफा सिटीत मैत्रिणीबरोबर राहते आणि मलाच आता 'बाबा, जेवलात का' विचारते. मी आठवडाभर इथे कंपनीच्या क्वार्टरमध्ये, शनिवार-रविवार शारजाला अल मजाजच्या घरी. हे सगळं चालू होतं ते एका पगारावर, आणि त्याबद्दल माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही.

अडचण व्हिसाची आहे. इथे बायको-मुलाचं राहणं एका माणसाच्या नोकरीला टांगलेलं असतं. माझ्या नोकरीवर माझा व्हिसा, माझ्या व्हिसावर शोभना आणि निनाद. मी सुटलो की सवलतीचे काही आठवडे मिळतात, मग सगळ्यांनीच गाशा गुंडाळायचा. निनाद एप्रिलमध्ये बारावीत जाईल, आणि नेमकं हे आत्ताच व्हायचं होतं. शोभनाला शाळेत काम आहे म्हणा, पण ते प्रयोगशाळेत मुलांना काचेची भांडी मांडून द्यायचं, अर्धा दिवस, तेही माझ्याच व्हिसावर. त्या पगाराला आम्ही घरात 'भाजीचा पगार' म्हणतो. भाजी तेवढी येते त्यात.

तेव्हा असं ठरवलंय की सगळ्यांनी चिंचवडला परत यायचं. आमच्या फ्लॅटमधल्या भाडेकरूंना जागा सोडायला तुम्ही हळूच सांगाल का? निनादला तिथल्या कॉलेजात घालू. आणि दादाला यातलं काही सांगू नका. स्टेंट घालून वर्ष झालं नाही अजून.

तुमचा,
विजू

*

चिंचवड,
१४ फेब्रुवारी २०२५

विजयकुमारभावोजी,

मी तुला असं कधी म्हणते ते तुला माहीत आहे. तेव्हा सांभाळून वाच.

दादाला सांगू नका म्हणतोस आणि पत्र पाठवतोस दादाच्याच ईमेलवर! माझं वेगळं खातं आहे का? त्यांनीच आधी वाचलं. चष्मा काढला, पुसला, आणि "विजूला म्हणावं, मला स्टेंट घातलाय, मेंदू काढलेला नाही" एवढं बोलून खालच्या अभ्यासिकेचं कुलूप उघडायला गेले.

आता मी काय म्हणते ते ऐक. मी या घरात आले तेव्हा मामंजींचा पोस्टातला एक पगार होता आणि ताटावर नऊ माणसं. मग ह्यांची कंपनी आली, बोनस आला, फ्रिज आला. आम्हाला वाटलं, आता हे असंच चालायचं. २००१ साली कंपनीनं ह्यांना स्वेच्छानिवृत्ती दिली; त्यात स्वेच्छा कुणाची होती देव जाणे. तेव्हा मी खालच्या हॉलमध्ये पाळणाघर काढलं. तुझे दिरहॅम येत होते, त्यातून वरचा मजला चढला, आणि ते मी रोज देवापुढे आठवते. पण रोजचं दूध-किराणा लोकांच्या पोरांची नाकं पुसून आलेलं होतं. आता पोरं कुणी सोडत नाही, सगळ्यांना मोठी चकचकीत पाळणाघरं लागतात, म्हणून त्याच हॉलमध्ये अभ्यासिका आहे. ज्या भिंतीवर मी ससे आणि हत्ती रंगवून घेतले होते तिच्याकडे तोंड करून मुलं कलेक्टर व्हायचा अभ्यास करतात. ससे मी पुसू दिले नाहीत.

सांगायचं एवढंच की घरात पैसा यायची वाट दर दहा-पंधरा वर्षांनी बदलतेच. एक बंद झाली म्हणून लगेच भाडेकरूंना उठवायला धावायचं नसतं. उलट त्यांचं भाडं येतंय ते चांगलं आहे.

आणि एक विचारते. एवढं लांब पत्र लिहिलंस, त्यात मॅनेजर आला, खजूर आले, निनादची बारावी आली. शोभना काय म्हणते ते कुठेच नाही. 'ठरवलंय' लिहिलंस, ते कुणी ठरवलं? तिला विचारलंस का?

वहिनी

*

शारजा,
९ मार्च २०२५

वहिनी,

विचारलं. पण विचारायला तुमचं पत्र येऊन दोन आठवडे गेले, त्याबद्दल आणखी एकदा भावोजी म्हणा.

गेल्या शनिवारी ती कोथिंबीर निवडत होती. शाळेला सुट्टी होती, त्यामुळे दुपारची घरीच होती. मी म्हटलं, "शोभना, या सगळ्यावर तुझं काय म्हणणं आहे?"

"कशावर? डिसिजन तर झालाय ना तुझा?"

"तरी पण."

ती कोथिंबिरीच्या काड्या मोडत राहिली. मग म्हणाली, "शाळेत केमिस्ट्रीची फुल टाइम पोस्ट रिकामी आहे. प्रिन्सिपल मॅडमनी मला गेल्या वर्षीही विचारलं होतं. त्याच्या आधीही एकदा."

"मला कधी बोलली नाहीस!"

"तू शुक्रवारी थकून येणार, रविवारी बॅग भरून जाणार. तेवढ्यात कुठे बसवू हे?"

वहिनी, ती एम.एस्सी., बी.एड. आहे हे मी विसरलो नव्हतो, पण आठवतही नव्हतो. लग्नाआधी ती पुण्यात वर्षभर शिकवत होती. पूर्णवेळ शिक्षिका झाली तर शाळा तिला स्वतःचा व्हिसा देईल, आणि त्या पगारावर ती नवऱ्याला आणि मुलाला इथे ठेवून घेऊ शकेल. म्हणजे मी बायकोच्या व्हिसावर. तुम्ही हसत असाल. हसा.

पण त्यातही एक घोळ आहे, आणि तो माझ्याच हातचा आहे. शाळेच्या ऑफिसात मुझम्मिल म्हणून एक हैदराबादी माणूस आहे, कागदपत्रं बघतो. त्यानं तिच्या डिग्र्या आणि पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाला, "मॅडम, डिग्री पे शुभ्रा खांबेटे, पासपोर्ट पे शोभना पारखी. ये शुभ्रा कौन है?"

"मैं ही हूँ।"

"वो तो मैं मानता हूँ मॅडम, मगर मिनिस्ट्री नहीं मानेगी. प्रूफ दीजिए."

लग्नात आपण तिचं नाव बदललं, शुभ्राची शोभना केली. आता सगळ्या जगात माहेरचं आणि सासरचं नाव जोडणारा कागद म्हणजे विवाहाचा दाखला. तो काढला. '९७ साली मी इकडे यायच्या घाईत त्याचा फॉर्म भरला होता. 'वधूचे विवाहापूर्वीचे नाव' या रकान्यात मी लिहिलंय 'शोभना खांबेटे'. अशी मुलगी जगात कधीच नव्हती. शुभ्रा खांबेटे होती, शोभना पारखी आहे, मधली शोभना खांबेटे मी एका दुपारी रांगेत उभ्या उभ्या तयार केली. तेव्हा माझ्या व्हिसासाठी तिची डिग्री कुणी मागितली नाही, म्हणून इतकी वर्षं हे चाललं.

तो दाखला दुरुस्त करून मिळतो का, एवढं जमलं तर बघा. नाही जमलं तर नाही. तुम्हाला या वयात हेलपाटे नकोत. नाही जमलं तर आपलं चिंचवड आहेच. तीही या विषयावर फारशी बोलत नाही, गप्प गप्पच असते. मला वाटतं या वयात एवढा भार तिलाही नकोच आहे. त्यामुळे नाही जमलं तरी कुणी मनाला लावून घेणार नाही.

विजू

*

चिंचवड,
१९ मार्च २०२५

विजू,

दोन हेलपाटे झाले आणि दोन्ही वेळा आम्ही परत येताना मस्तानी प्यायलो, त्यामुळे आमची काळजी करू नकोस.

ओळखीच्या वकिलांनी सांगितलं, दुरुस्तीला लग्नाच्या नोंदीवरच्या साक्षीदारांची प्रतिज्ञापत्रं लागतील. साक्षीदार कोण बघितलं तर हे आणि मी! तू केलेल्या प्रतापाखाली आम्ही दोघांनी न वाचता सह्या ठोकल्या आहेत. तुला काय बोलणार मग.

कार्यालयात टेबलाशी एक तरुण मुलगी होती. केस कापलेले, चेहरा हसरा. म्हणाली, "आजी, शुभ्रा म्हणजेच शोभना हे तुम्हाला कशावरून माहीत?"

म्हटलं, "अगं, ताटात तांदूळ मी पसरले. माझ्या दिराच्या हातात अंगठी मी दिली. त्यानं त्या तांदळात शोभना लिहिलं ते मी डोळ्यांनी बघितलं. आणखी काय हवं?"

मी घरातून लग्नाची पत्रिका नेली होती, तिच्यावर 'चि. सौ. कां. शुभ्रा'. आणि अल्बममधला तांदळाच्या ताटाचा फोटो नेला होता, त्यात 'शोभना'. तिनं दोन्ही शेजारी ठेवून बघितलं आणि मान डोलवली. तिच्या साहेबांनी प्रतिज्ञापत्रं घेतली. दुरुस्त दाखला महिन्याभरात मिळेल. तिच्या डिग्र्या कुरियरनं इकडे पाठव; दाखला मिळाला की त्यांच्याबरोबर मुंबईला, परदेशात चालायला लागतात ते शिक्के मारायला पाठवायचा, ते वकील बघतील.

ती मुलगी निघताना म्हणाली, "आजी, हल्ली कुणी नाव बदलत नाही हं." म्हटलं, "बरं करता." मग वाटेत ह्यांना विचारलं, माझं माहेरचं नाव आठवतं का. ह्यांना आठवलं, दमयंती. आता रस्त्यात कुणी दमयंती म्हणून हाक मारली तर मी बाजूला होऊन वाट देईन. मला काही त्याचं दुःख नाही. अपर्णा नावानं माझं बरंच बरं झालंय. पण माझ्याकडे डिग्री नव्हती. तिच्याकडे दोन आहेत.

आता तुझ्याबद्दल. तू आठ वर्षांचा असल्यापासून मी तुला ओळखते. तुझ्या पत्रात 'नाही जमलं तर' सारखं सारखं येतंय. लहानपणी पोहायला जायचं नसलं की तू असाच 'पाऊस आला तर' म्हणायचास. मला सरळ सांग, हे जमायला हवंय की नकोय? तू नको म्हणालास तरी मी दाखला आणणार आहे, तो तिचा आहे. पण मला तुझं उत्तर हवंय.

वहिनी

*

शारजा,
२० एप्रिल २०२५

वहिनी,

महिनाभर उत्तर दिलं नाही. मनात उत्तर तयार होतं, ते लिहायची लाज वाटत होती. नको होतं. कागद अडावेत, नियमावर खापर फुटावं आणि आपण सन्मानानं घरी परतावं, असं मला वाटत होतं. आता नाही वाटत. ते कसं झालं ते सांगतो.

फुजैराची क्वार्टर रिकामी केली. सगळा संसार गाडीच्या डिकीत मावला. कंट्रोल रूममधल्या मुलांनी हार घातला, बंगाली, केरळी, सुदानी, सगळे. डोंगरातल्या रस्त्यानं येताना मला सारखं वाटत होतं की सोमवारी परत जायचंय. सोमवार आला, घरात सगळे आपापल्या कामाला गेले, आणि मी खिडकीतून खालच्या तळ्यातल्या बोटी बघत बसलो.

शोभनाला शाळेनं कागद येईपर्यंत तात्पुरतं वर्गावर घेतलंय. मी तिला गप्प समजत होतो ना? ती गप्प नव्हती, अभ्यास करत होती. जेवणाच्या टेबलावर निनाद आणि ती शेजारी शेजारी, एकच पुस्तक दोघांमध्ये. तो बारावीला बसणार म्हणून आणि ती शिकवणार म्हणून. अभ्यासक्रमात काय बदललं आणि काय तसंच आहे ते ती फेब्रुवारीपासून वाचून काढतेय. परवा तिनं त्याला काहीतरी समजावलं. तो म्हणाला, "वेट, आई, से दॅट अगेन." मग माझ्याकडे वळून, "बाबा, शी इज बेटर दॅन माय टीचर, आय स्वेअर."

तो उठून गेल्यावर मी विचारलं, "शोभना, तुला हा भार होतोय का?"

तिनं पुस्तक मिटलं. "भार? मला कशाची भीती वाटतेय सांगू? कागद जमले नाहीत तर तू सुटलो म्हणशील, याची."

वहिनी, तिनं ते इतक्या साधेपणानं म्हटलं की मला रागावताही आलं नाही.

तर आता तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर: जमायला हवंय. मनापासून हवंय. सवलतीचे आठवडे सरत चाललेत, कागद वेळेत आले नाहीत तर तिची ही जागा जाईल, आणि ती माझ्यामुळे जाईल. लवकर पाठवा.

एक दादाला विचारा. २००१ साली त्याचं काम गेलं आणि तुमचं पाळणाघर सुरू झालं, तेव्हा त्यानं काय केलं? मी इकडून पैसे पाठवत होतो. तो कसा आहे हे कधी विचारलं नाही. आता मला ते माहीत करून घ्यायची फार गरज आहे. त्या व्हिसावर माझ्यापुढे 'डिपेंडंट' लिहिलेलं असेल. एवढाच एक शब्द, पण मी रोज सकाळी उठून त्याच्याकडे बघतोय.

विजू

*

चिंचवड,
२६ एप्रिल २०२५

विजू,

दाखला हातात आला. 'वधूचे विवाहापूर्वीचे नाव: शुभ्रा खांबेटे'. या वेळी मी सही करण्याआधी तीनदा वाचलं. वकिलांचा माणूस आजच मुंबईला घेऊन गेला. शिक्के झाले की तिथून थेट कुरियर. तुझं 'हवंय' वाचून बरं वाटलं. शोभनाला माझा शाबासकीचा धपाटा दे, हलकाच.

आता उरलेलं पत्र हे लिहिणार आहेत. एका बोटानं टाइप करतात, त्यामुळे मी स्वयंपाक करून येते.

विजू,

मी पहिले पंधरा दिवस आतल्या खोलीत दार लोटून पेपर वाचत बसायचो. हॉलमध्ये पोरांचा गोंधळ. अपर्णा एकटी करायची. मला वाटायचं, बाहेर गेलो तर पोरांना सोडायला आलेल्या बायका विचारतील, साहेब आज घरी कसे.

एके दिवशी तिचे दोन्ही हात अडकलेले आणि एक पोर रडून रडून लाल झालेलं. मी बाहेर आलो आणि उचललं. ते माझ्या खांद्यावर झोपलं. तासभर मला हलता आलं नाही. बायका आल्या, त्यांनी बघितलं, कुणी काही विचारलं नाही. एक म्हणाली, काका, याला घरी पण असंच झोपवायला याल का.

त्यानंतर आतल्या खोलीत गेलो नाही. एवढंच. मी मनाशी काही मोठं ठरवलं वगैरे नव्हतं. तूही ठरवू नकोस. हाताला येईल ते उचल.

तू पाठवायचास त्या पैशांनी आमची मान वर राहिली. ते तुला कधी सांगितलं नाही, आज सांगतो.

दादा

*

शारजा,
८ जून २०२५

वहिनींना शोभनाचा नमस्कार,

तुम्हा दोघांची पत्रं विजयनं मला वाचायला दिली. त्याची तुम्हाला गेलेली पत्रंही दिली, आणि म्हणाला, "यातलं काही आवडणार नाही, तरी वाच." मी वाचली. कोथिंबिरीचा प्रसंग त्यानं बराच सौम्य करून लिहिलाय, मी जास्त चिडले होते. म्हणून या वेळी मीच लिहायचं ठरवलं.

कागद आले. मुझम्मिलभाईंनी दाखला हातात घेतला, डिग्री बघितली, पासपोर्ट बघितला आणि म्हणाले, "माशाल्ला मॅडम, आप तो एक ही निकलीं!" मी ऑफिसात मोठ्यानं हसले. सव्वीस मेला माझा स्वतःचा व्हिसा झाला. सवलतीचे दिवस सरायला आले होते, म्हणून दुसऱ्याच दिवशी विजयच्या आणि निनादच्या अर्जासाठी आम्ही टायपिंग सेंटरला गेलो. इथे सरकारी अर्ज अशा दुकानांत भरून घेतात.

आमचे नेहमीचे अलीमियाँ तिथे होते. सगळी वर्षं आमचे अर्ज त्यांनीच भरले आहेत. ते कॉम्प्युटरवरून मान वर न करता म्हणाले, "स्पॉन्सर आगे बैठें." स्पॉन्सर म्हणजे ज्याच्या व्हिसावर घरचे बाकीचे राहतात तो; विजय सवयीनं जाऊन खुर्चीत बसला.

"सर, आप नहीं," अलीमियाँ म्हणाले. "इस बार मॅडम."

दुकानात पाच-सहा माणसं होती. सगळ्यांनी बघितलं. वहिनी, मला वाटलं, हा आता काही न बोलता बाहेर जाईल आणि महिनाभर बोलणार नाही. विजय उठला. खुर्ची माझ्यासाठी मागे ओढली आणि म्हणाला, "बैठिए मॅडम. आज से हमारी दाल-रोटी आपके हाथ में है."

अलीमियाँ इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला. "सर, मेरे घर में भी यही हाल है," म्हणाले, "फर्क इतना है कि बोलता कोई नहीं." निनाद दाराशी उभा राहून म्हणत होता, "यल्ला बाबा, कॅन वी गो नाऊ?" त्याला यात काही विशेष वाटलंच नाही.

दादांना सांगा, हा हाताला येईल ते उचलतोय. सकाळचा डबा त्याचा. पोळ्या अजून नकाशासारख्या होतात. बाजार तोच करतो आणि दुकानात उभा राहून मोठ्यानं म्हणतो, "अळूची जुडी नऊ दिरहॅम? म्हणजे दोनशे रुपये!" मी म्हटलं, आता घरात दिरहॅम मी आणते, तेव्हा रुपयांत बोंबलायचं मीच ठरवीन. निनादचं गणितही त्यानं घेतलंय. त्याच्या क्लासची फी ईशानी भरते, नको म्हटलं तर रागावते. चिंचवडच्या फ्लॅटचं भाडं तुम्ही सांभाळता. विजयला कंपनीकडून मिळालेले पैसे ठेवीत आहेत, त्याचं व्याज येतं. पूर्वी सगळं घर एका माणसाच्या खांद्यावर होतं आणि तो माणूस आठवड्यातून दोन दिवस घरी असायचा. आता सगळ्यांनी थोडं थोडं धरलंय आणि तो रोज घरी आहे. मला हे जास्त आवडतं, हे त्याला अजून सांगितलेलं नाही. पत्र वाचून कळेलच.

पहिला पूर्ण पगार झाला, तेव्हा देवापुढे ठेवायला म्हणून मी थोडे पैसे काढून आणले. विजयनंच निरांजन लावलं. म्हणाला, "चला, आजपासून भाजी कुणाच्या पगारातून आणायची ते बघावं लागेल." तुम्ही कार्यालयात त्या टेबलापाशी उभं राहून माझ्यासाठी भांडलात. माझ्या आईनंही एवढंच केलं असतं. तुमचे उपकार मी फेडणार नाही, जन्मभर बाळगणार आहे.

तुमची,
शोभना

*

शारजा,
१४ सप्टेंबर २०२५

वहिनी,

बऱ्याच दिवसांत लिहिलं नाही, कारण कामात होतो. हे वाक्य लिहायला मला किती बरं वाटलं ते तुम्हाला कळणार नाही, दादाला कळेल. सुट्टीनंतर शाळा सुरू झाली, निनादची पहिली चाचणी झाली, आणि माझ्या पोळ्या गोल व्हायला लागल्या. शोभना म्हणते गोल नाहीत, पण आता कुठला देश ते ओळखू येत नाही एवढी प्रगती आहे.

मला वाटलं होतं तसं काही झालं नाही. 'डिपेंडंट' हा शब्द फोनमध्ये कुठेतरी आहे, तो बघायला वेळ मिळत नाही. जुने सहकारी भेटले की विचारतात, "क्या कर रहे हो आजकल?" सुरुवातीला मी 'कन्सल्टिंग' म्हणायचो. आता सांगतो, "मिसेस काम करती हैं, मैं घर देखता हूँ." बहुतेक जण मला बाजूला घेऊन स्वतःच्या नोकरीची काळजी सांगायला लागतात. खरं बोलल्यावर समोरचाही बोलतो, हे मला सत्तावन्नाव्या वर्षी कळलं.

पण आज लिहायला बसलो ते गुरुवारच्या एका गोष्टीसाठी.

दुपारी मी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन लिफ्टमध्ये शिरलो. आत दहाव्या मजल्यावरची मुलगी होती, दिया, शाळेच्या गणवेशात, तिची आई बरोबर. दिया माझ्याकडे टक लावून बघत होती. मग तिनं विचारलं, "अंकल, आर यू शुभ्रा मॅम्ज हजबंड?"

मला आधी कळेचना ती कुणाबद्दल बोलतेय. मी नाही म्हणणार होतो. आई म्हणाली, "अहो, केमिस्ट्रीच्या मॅडम. पहिल्या दिवशी त्यांनी बोर्डावर तेच नाव लिहिलं म्हणे. सगळी मुलं तेच म्हणतात. ही तर घरी दुसरं काही बोलतच नाही."

हे मला माहीत नव्हतं. एप्रिलपासून ती रोज त्या नावानं वर्गात उभी राहते, आणि घरी येऊन माझ्या हाकेला ओ देते. मी ज्या मुलीशी लग्न केलं तिचं नाव मी लग्नमंडपातच मिटवलं, आणि सबंध संसारात एकदाही त्या नावानं तिला हाक मारली नाही. ती मुलगी आज माझं घर चालवते. तिच्याच व्हिसावर मी इथे उभा होतो, तिच्याच पैशांनी घेतलेली भाजी हातात धरून.

लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबली. दार उघडलं. दिया उत्तराची वाट बघत होती.

"येस," मी म्हणालो. मग वाटलं, एवढ्यानं भागत नाही. म्हणून बाहेर पडता पडता मराठीत, जरा मोठ्यानंच सांगितलं, "हो, बाळा. मी शुभ्राचा नवरा."

तुमचा,
विजू